जॅकेटांखालची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, आणि आधीच सांगते, माझं कौतुक करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून मी तुम्हाला मित्रांनो म्हणते. माझे मित्र वगैरे कुणी नाहीत. ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात एक पाळणाघर आहे. तिथल्या दोन ते चार वर्षांच्या मुलांच्या खोलीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात मी नऊ वर्षं उभी आहे. नऊ वर्षांत कुणी जुनं होतं का, असं विचाराल. सांडलेलं दूध, अंगावर आपटलेले ठोकळे आणि एकदा झालेली उलटी हिशेबात धरा, म्हणजे होतं.

माझा जन्म आर्नहेमजवळच्या एका सुतारकामाच्या शाळेत झाला. मला बनवणारी मुलगी शिकाऊ होती. तिचे म्हातारे गुरुजी शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि तासन्‌तास तिच्या हातांकडे बघायचे. माझ्या मागच्या पायाचा सांधा त्यांनी तिला तीनदा उकलायला लावला. ती चिडली, रडली, गुरुजींना मनातल्या मनात काय काय म्हणाली असेल ते तिचं तिला माहीत. चौथ्यांदा मात्र सांधा असा बसला की आजतागायत हललेला नाही. शिकणाऱ्याकडे कुणीतरी बसून बघावं लागतं, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

पाळणाघरात मी आले ती एका अनुदानातून. त्याची गोष्ट नीट ऐका, कारण पुढचा सगळा संताप तिच्यावर उभा आहे. नव्या शिक्षिकेला आधी कच्ची नोंदणी मिळते. मग वर्षभरात तिच्या अनुभवी मार्गदर्शिकेनं बारा वेळा, दर वेळी एक तास, तिच्या वर्गात बसून काम बघायचं, दिसलं ते लिहायचं आणि तिच्याशी बोलायचं. शेवटी मार्गदर्शिकेनं ‘तयार आहे’ असं लिहिलं की पक्की नोंदणी, पूर्ण पगार, कायमची नोकरी. ‘तयार नाही’ लिहिलं की आणखी एक वर्ष शिकाऊ. मार्गदर्शिकेला तो तास मोकळा मिळावा म्हणून एक निधी पाळणाघराला अनुदान देतो, आणि त्याच्या अटींत लिहिलं होतं की खोलीत मोठ्या माणसाची एक खुर्ची फक्त निरीक्षणासाठी ठेवावी. ती खुर्ची मी.

पहिली चार वर्षं माझ्यावर विल बसली. विल म्हणजे साठीची डच शिक्षिका, जाड चष्मा, हातात पेन्सिल. ती आली की तासभर एक शब्द बोलायची नाही. मग नव्या मुलीला बाजूला घेऊन तीन गोष्टी सांगायची: एक जमलेली, एक चुकलेली, एक करून बघण्यासारखी. तिच्या हाताखालच्या चार मुली पक्क्या शिक्षिका झाल्या. निधीच्या लोकांनी माहितीपत्रकासाठी माझा फोटोसुद्धा काढला होता. मग विल निवृत्त झाली आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

तिच्या जागी सुनेत्रा आली. मूळची डोंबिवलीची, बावीस वर्षं नेदरलँड्समध्ये, या शाखेची प्रमुख आणि कागदोपत्री मार्गदर्शिकाही. बोलायला अशी गोड की डायबेटिस व्हावा. आल्या दिवशी तिनं आपलं ओलं जॅकेट माझ्या पाठीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी टाकलं. महिन्याभरात मी दिसेनाशी झाले. खाली बॅगा, वर जॅकेटं, त्यावर हरवलेले मोजे. इथं पाऊस वर्षभर पडतो, त्यामुळे मी कोरडी अशी कधी झालेच नाही. सुनेत्रा त्या पाच वर्षांत माझ्यावर एकदाही बसली नाही, हे लक्षात ठेवा.

मागच्या ऑक्टोबरात प्रांजली आली. चिंचवडच्या बालवाडीत चार वर्षं शिकवलेली. नवरा आशुतोष झाउदास या ऑफिसांच्या भागात आयटीत, त्याच्यामागे ती आलेली. तीन वर्षं घासून डच शिकली, परीक्षा दिल्या, कच्ची नोंदणी मिळवली. सुनेत्रानं तिला मराठी मंडळाच्या गणपतीत हेरलं होतं. ‘आपलीच मुलगी आहे’ असं ती सगळ्यांना सांगत फिरायची.

पहिल्याच आठवड्यात, मुलं झोपलेली असताना, सुनेत्रानं बुटक्या टेबलावर बारा कागद पसरले. निरीक्षणाचे बारा अहवाल, सगळे कोरे.

“ताई, यात काहीच लिहिलेलं नाहीये,” प्रांजली म्हणाली.

“अगं, मी भरते ना नंतर. आपण कॉलेजात जर्नल कसं एकदम सर्टिफाय करून घ्यायचो? टर्म संपताना, सगळी एक्सपेरिमेंट्स एका दिवसात! तसंच हे. फॉर्मॅलिटी आहे गं. ह्या डच लोकांना कागद फार लागतात.”

प्रांजली हसली. तिनंही तशीच जर्नलं सह्या करून घेतली होती, तुमच्या आईवडिलांनीही घेतली असतील, विचारा त्यांना. शिवाय समोर ताई होत्या. ताईंना नाही कसं म्हणायचं? तिनं बारा कागदांवर बारा सह्या केल्या, वर “थँक्यू हं ताई” म्हणाली. मी जॅकेटांखाली जळत होते. कुणाचा राग जास्त आला ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर ती वाट बघत राहिली. ताई मोठ्या, ताई कामात, येतील तेव्हा येतील. दोनदा तिनं विचारलं, दोनदा “उद्या येते गं” असं उत्तर मिळालं. फेब्रुवारीत ऋषभचं चावणं सुरू झालं. ऋषभ अडीच वर्षांचा, पुण्याच्या जोडप्याचा मुलगा. प्रांजली मराठीत “चावायचं नाही हं राजा” म्हणायची, त्याला सगळं समजायचं आणि तो डचमध्ये “नेय!”, म्हणजे ‘नाही’, म्हणायचा. एका सकाळी त्यानं लोटे नावाच्या मुलीचा गाल फोडला. प्रांजलीनं त्याला ओढलं ते इतक्या जोरात की त्याच्या मनगटावर तिची बोटं उमटली. संध्याकाळी लोटेची आई दारात उभी राहून सगळ्यांसमोर ओरडली, “इथे शिकलेलं माणूस एक तरी आहे का?” प्रांजलीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग माझ्याजवळ आली आणि जॅकेटांत तोंड खुपसून रडली.

तिनं सुनेत्राला गाठून सांगितलं, “ताई, एकदा येऊन बघा ना प्लीज. तो का चावतो ते मला कळतच नाहीये. आज माझा हात किती जोरात लागला त्याला. मला भीती वाटायला लागलीय.”

“सगळी मुलं चावतात गं. उद्या येते.”

तो का चावतो हे मला माहीत होतं. दार उघडायचं, ऋषभ आईसाठी धावायचा, आई नसायची, आणि तेव्हा जे मूल शेजारी असेल त्याला तो चावायचा. दर वेळी. कोपऱ्यात तासभर बसलं की हे आंधळ्यालाही दिसावं. आठ मुलांची नाकं पुसत, केळी कापत, लंगोट बदलत उभ्या असलेल्या एकट्या बाईला ते दिसत नाही. अनुदान त्या एका तासासाठीच होतं. माझ्या तोंडाला शब्द असते तर मी त्या दिवशी सुनेत्राला काय म्हणाले असते ते मुलांसमोर सांगता येणार नाही.

जूनमध्ये निधीकडून हान्नेके नावाची बाई आली. उंच, केस कापलेले, चेहऱ्यावरची माशी हलत नाही अशी. मुलं झोपलेली होती. बसायला जागा शोधली तर माझ्यावर ढीग, म्हणून ती मुलांच्या वीतभर खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसली. तिनं बारा कागद प्रांजलीसमोर ठेवले आणि डचमध्ये म्हणाली, “मुदतवाढीला तुमची संमती आहे ना? खाली सही करा.”

“मुदतवाढ?” प्रांजलीनं कागद उचलले. पहिल्यांदाच वाचले. मी तिचा चेहरा बघत होते. समूह सांभाळता येत नाही. स्वतःहून काही करत नाही. चावणाऱ्या मुलाबाबत चार वेळा मार्गदर्शन केलं, फरक नाही. अजून तयार नाही, आणखी एक वर्ष आवश्यक. प्रत्येक पानाखाली तिची सही, ठळक, गोल, चिंचवडच्या शाळेत शिकलेली.

तिला कळलं, आणि मलाही तेव्हाच कळलं. तयार नसलेली शिक्षिका म्हणजे दुसऱ्या वर्षाचं अनुदान, आणि पूर्ण काम करणारी बाई शिकाऊ पगारात. सुनेत्राला ती तयार झालेली नकोच होती.

“हे झालेलं नाही,” प्रांजली डचमध्ये म्हणाली. “एकही निरीक्षण झालेलं नाही.”

सुनेत्रा हसली. हसतच, आवाज जराही न चढवता, मराठीत बोलू लागली. समोरच्या बाईला वाटावं, काही प्रेमाचं समजावतेय.

“प्रांजली, गप्प सही कर. पुढच्या वर्षी मी देते ना करून. तोंड उघडलंस तर तूच खोटी ठरशील, सह्या तुझ्या आहेत. आणि मंडळात तुला उभं कोण करतं तेही बघते मी.”

प्रांजलीनं पेन उचललं. तिला पक्की नोंदणी हवी होती, हो, पण त्याहून जास्त तिला ताईंचा धाक होता. मला वाटलं, करणार ही सही. मी तिला मनातल्या मनात शिव्या द्यायला सुरुवातही केली होती.

ती हान्नेकेकडे वळली आणि ताईंचं वाक्य न्‌ वाक्य तिनं डचमध्ये सांगितलं. गप्प सही कर. पुढच्या वर्षी देते करून. तूच खोटी ठरशील. कुठे शब्द अडला तिथे थांबली, शोधला, आणि पुढे गेली. “हे त्यांनी आत्ता मला मराठीत सांगितलं,” ती म्हणाली.

“आपल्या माणसाच्या मुळावर उठलीस!” सुनेत्रा आता ओरडली. आतल्या खोलीत एक मूल जागं झालं.

“ताई, डचमध्ये बोला,” प्रांजली म्हणाली. “त्यांनाही कळू दे.”

हान्नेकेनं मान वर केली नाही. “सह्या तुमच्या आहेत?”

“हो. कागद कोरे असताना केल्या.”

“म्हणजे तुम्हीही खोटं कळवलंत.”

“हो.”

हान्नेकेनं ते लिहून घेतलं. तुम्हाला वाटत असेल, आता ती उठून प्रांजलीच्या खांद्यावर हात ठेवेल. नाही ठेवला. कागद गोळा केले आणि निघून गेली.

महिन्याभरानं पत्र आलं. बाराही निरीक्षणं रद्द, या खोलीचं या वर्षाचं अनुदान परत करायचं, प्रांजलीचं वर्ष शून्य. दुसऱ्या पाळणाघरात दुसऱ्या मार्गदर्शिकेकडे पहिल्यापासून सुरू करता येईल, एवढी मुभा. सुनेत्राला पाळणाघर चालवणाऱ्या कंपनीकडून लेखी समज मिळाली. कागदपत्रांत गडबड, असं त्यात म्हटलं होतं. ती शाखेची प्रमुख आहे तशीच राहिली. न्याय वगैरे शोधत असाल तर दुसरी खुर्ची बघा.

शेवटच्या दिवशी प्रांजलीशी कुणी बोललं नाही. नायमेखनला जागा मिळाली आहे, रोज दीड तास ट्रेन, असं ती फोनवर आशुतोषला सांगत होती. सगळे गेल्यावर तिनं माझ्यावरचा ढीग उचलून जमिनीवर ठेवला. मुलांच्या बुटांवर नावं घालायचा जाड मार्कर घेतला आणि माझ्या बैठकीवर मराठीत लिहिलं: ‘कोऱ्या कागदावर सही करू नकोस. आधी इथं बसायला सांग.’ मग ढीग होता तसा परत ठेवला. सुनेत्रा पुन्हा मंडळातूनच मुलगी आणणार, हे तिला माहीत होतं.

सप्टेंबरात सलोनी आली, नाशिकची. निधीच्या कागदांवर आता मुख्य कार्यालयातल्या कुणा बाईचं नाव मार्गदर्शिका म्हणून आहे. त्या बाईनं ही खोली पाहिलेली नाही. कागद सुनेत्राच बघते. सलोनी भिजून आली होती. तिनं जॅकेट माझ्यावर टाकलं आणि सगळा ढीग धाडकन खाली आला. मी हलले का? मी खुर्ची आहे, माझ्यावर आळ घेऊ नका.

सलोनी जॅकेटं उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिनं एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

“ये गं, पेन घे,” टेबलापाशी सुनेत्रा म्हणाली. समोर बारा कागद होते.

“ताई, हिच्यावर कोण बसणार आहे?” सलोनीनं विचारलं. “त्यांना बोलवा. त्या येईपर्यंत मी थांबते.”

ती सही आजपर्यंत झालेली नाही.

तर मित्रांनो, मला पुसू नका, रंग देऊ नका, जपू तर मुळीच नका. पण तुमच्या हाताखाली कुणी नवं माणूस घाबरून काम करत असेल तर जॅकेटं उचला आणि तासभर बसा. तेवढं होत नसेल तर मला उचलून भंगारात टाका. मी बसायची जागा आहे. बसलात असं खोटं लिहिण्यासाठी माझं नाव वापरू नका.