आधी पट्टे, मग चिठ्ठी

माझा स्वभाव तापट, आणि त्यात आकडे माझ्या बाजूने असले की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्या रविवारी अमरावतीहून अकोल्याला घरी निघाले, ती हरभऱ्याच्या झाडावर बसूनच. माझ्या पीएच.डी.च्या प्रयोगाचा निकाल आला होता आणि निकाल दणदणीत होता.

प्रयोग सोपा होता. अमरावतीच्या एका अभ्यासिकेतली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी ऐंशी मुलंमुली घेतली. चाळीस जणांनी आठवडाभर मोबाईल दाराबाहेरच्या कप्प्यात ठेवून वाचायचं, चाळीस जणांनी तो बंद करून टेबलावर पालथा ठेवायचा. कोण कुठल्या खोलीत बसणार हे चिठ्ठी ठरवणार. शेवटी सगळ्यांना एकच पन्नास मार्कांची चाचणी. मोबाईल बाहेर ठेवणाऱ्यांना सरासरी नऊ मार्क जास्त पडले. मोबाईलचा काहीच परिणाम नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता हजारात एकसुद्धा नव्हती. माझ्या गाईड वर्षाली मॅडम म्हणाल्या, "दीक्षा, आता लिहायला बस. एकतीस तारखेच्या आत प्रबंध जमा झालाच पाहिजे." दोन मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या. तिसरी मिळणार नव्हती. हातात दीड महिना होता.

बाबा एका कृषी संशोधन केंद्राच्या शेतावर एकतीस वर्षं कामाला होते, मजूर म्हणून लागले आणि क्षेत्र सहायक म्हणून रिटायर झाले. मी आलेख दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, आलेख पाहिला आणि कौतुक करायचं सोडून विचारलं, "चिठ्ठ्या कोनं काढल्या?"

"शेषराव काकाईनं. अभ्यासिका तेच सांभाळतात. पोट्टे सकाळी सहापासून येत राह्यतात, मी कुठी दिवसभर बसू?"

"आमच्या इथं कोनतं वाण कोनत्या जमिनीत पेरायचं ते चिठ्ठीवर ठरे, अन् साहेब चिठ्ठीचा डबा दुसऱ्याच्या हाती देत नसे. एका वर्षी देल्ला. आमच्यातल्याच एकानं कपाशीच्या नव्या वाणाले भारी जमीन देल्ली. काहून, तं नवं हाय बिचारं, जगलं पाह्यजे. जगलं! सारीकडे त्याचाच डंका. दुसऱ्या वर्षी हलक्या जमिनीत तेच वाण झोपलं."

"काका तसे नाहीत, बाबा."

"तसे म्हंजे कसे? तो काही चोर नोता. दयाळू होता."

मला राग आला. एम.ए.ला सुवर्णपदक माझं, आणि कपाशीवरून मला शिकवणार हे! त्यांना खोटं पाडायचंच म्हणून मी तिथेच लॅपटॉप उघडला. सुरुवातीच्या फॉर्मवर मी एक रकाना उगाच ठेवला होता, पुढची परीक्षा कधी आहे त्याचा. ऐंशीपैकी चाळीस जणांची परीक्षा दोन महिन्यांच्या आत होती. खऱ्या चिठ्ठीने ते दोन्ही खोल्यांत साधारण वीस-वीस पडायला हवे होते. मोबाईल बाहेर ठेवणाऱ्या खोलीत एकतीस निघाले. दुसऱ्या खोलीत नऊ. चिठ्ठीने असं दहा लाखांत एखाद्या वेळी घडेल. मी तीनदा मोजलं.

आई म्हणाली, जेवून घे. मी चौथ्यांदा मोजायला बसले. उंटावरून शेळ्या मीच हाकल्या होत्या.

सोमवारी सकाळी सातला मी अभ्यासिकेत उभी होते. शेषराव काकांनी काही लपवलं नाही. उलट त्यांना अभिमानच होता.

"चिठ्ठ्या काढल्या ना म्यॅडम. पन ज्याची परीक्षा महिन्यावर हाय, त्याच्या टेबलावर मी मोबाईल कसा ठेवू देऊ? गरिबाचे लेकरं हायेत, अंजनगावहून, नांदगावहून येऊन राह्यतात. मंग देल्ल्या काही बदलून. पाप कोन घेईन डोक्यावर?"

"काका, तुमी माह्या दोन वर्षांचं मातेरं केलं!" मी ओरडले. आतली मुलं मान वर करून बघायला लागली. काका ओशाळले. पण त्यांना अजूनही कळलं नव्हतं की चुकलं काय.

दुपारी वर्षाली मॅडमना सगळं सांगितलं. त्यांना लगेच कळलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "तो रकाना प्रबंधात आहे का?"

"नाही."

"मग नसू दे. एकतीस तारीख लक्षात ठेव."

खोटं कशाला सांगू, एक रात्र मोह झाला. नऊ मार्कांचा फरक कोणाला सोडवतो? पण मला माहीत होतं, आणि माहीत असलेलं विसरणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं, "नवे ऐंशी जण घेते. मुदतीत बसवते. बसलं नाही तर पदवी गेली तरी चालेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फक्त "बसव," म्हणाल्या.

या वेळी बाबांच्या शेतावरची पद्धत वापरली. जमीन सारखी नसली, तर आधी सारख्या जमिनीचे पट्टे पाडायचे आणि मग प्रत्येक पट्ट्यात चिठ्ठी टाकायची. परीक्षा जवळ आलेल्यांचा एक गठ्ठा, लांब असलेल्यांचा दुसरा. प्रत्येक गठ्ठ्यातले निम्मे इकडे, निम्मे तिकडे. चिठ्ठ्या मी सगळ्यांसमोर काढल्या, आणि काकांना शेजारी बसवून नावं वहीत लिहायला लावली.

त्रेचाळिसावी चिठ्ठी भावनाची निघाली. भावना काकांची मुलगी, तलाठ्याची परीक्षा सव्वीस दिवसांवर. चिठ्ठीत होतं, मोबाईल टेबलावर.

काकांचा पेन थांबला. "म्यॅडम, एवढी एक."

"काका, कोनती खोली चांगली ते मलेच माहीत नाही. माहीत असतं तं हा उपद्व्याप कायले केला असता? भावनाले नसन बसायचं तं तिनं नाव काढून घ्यावं, काही हरकत नाही. पन खोली बदलनार नाही."

"बसतो मी," भावना म्हणाली. "लिहा, बाबा." काकांनी लिहिलं. अक्षर स्वच्छ होतं.

एकोणतीस तारखेला प्रबंध जमा झाला. फरक एका मार्काचा निघाला, नऊचा नाही. मोबाईलचा काही परिणाम नसतानाही एवढा फरक निम्म्याहून अधिक वेळा नुसत्या योगायोगाने दिसला असता. मी तसंच लिहिलं, पहिल्या फेरीची चूकही लिहिली, आणि चिठ्ठीचा डबा कोणी दुसऱ्याच्या हाती दिला तेही. मॅडमनी एक शब्द न बदलता सही केली.

त्याच संध्याकाळी काकांना सांगायला गेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे पहिल्या बारीले मी ज्याईच्या चिठ्ठ्या बदलल्या, त्याईले जास्त मार्क पडले ते मोबाईल बाहेर ठेवल्यानं नाही?"

"नाही काका. परीक्षा डोक्यावर होती, म्हणून ते आधीच जीव तोडून वाचत होते."

"मंग मी त्याईचं काही भलं केलं नाही."

मला त्यांची दया आली, पण खोटं बोलवेना. "नाही काका," मी म्हणाले. "त्याईचं त्याईनंच केलं."