मला तो खडू बघवत नाही

मी एक जुना पुतळा आहे. चौकात जो उभा असतो आणि ज्याच्या डोक्यावर कबुतरं बसतात, तो नव्हे. मला डोकंच नाही. हात नाहीत, आणि पाय म्हणाल तर तिपाईवर ठोकलेला लाकडाचा एक दांडा. शिवणकामाच्या दुकानात कपडे चढवून बघायला जे धड ठेवतात ना, ते मी. डोकं नाही म्हणून याला काही कळत नसेल, असं समजू नका मित्रांनो. मत्सर करायला डोकं लागत नाही. ते नसलेलंच बरं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कागदाचा लगदा साच्यावर थरावर थर देऊन लावला, उन्हात वाळवला, वर कापूस चढवला आणि त्यावर जाड कापड ताणून शिवलं. पोटात एक स्क्रू बसवला. चावी फिरवली की मी जाड होतो, उलटी फिरवली की बारीक. माणसांना हे जमत नाही म्हणून ती माझ्याकडे हेव्याने बघतात, असं मला लहानपणी वाटायचं.

एका शिंपीणबाईंनी दुकान थाटलं तेव्हा त्या मला घेऊन आल्या. दर्शनी खिडकीत त्यांनी मला उभं केलं. गिऱ्हाइकांना त्या अभिमानाने सांगायच्या, ‘‘याच्या खांद्यावर कोट बसला, की माणसाच्या अंगावर बसलाच समजा.’’ ते ऐकून मी आणखी ताठ व्हायचो. ताठ मी तसाही होतोच, पण मनातून व्हायचो. काय काय नाही घातलं मी अंगावर! लग्नाचे झगे, बँकेतल्या साहेबांचे कोट, शाळेतल्या नाटकातला अस्वलाचा पोशाखसुद्धा.

शिंपीणबाईंना दोन मुली. बाई गेल्या तेव्हा थोरलीने कात्री हाती घेतली. तिला सगळे ताई म्हणत. धाकटी मशीनवर बसू लागली. धाकटीचं नाव घरच्यांनी लाडाने ठिणगी ठेवलं होतं. पुढे शेजारी तेच नाव खवचटपणे घेऊ लागले.

ठिणगी माझी होती. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ताई रागावली की ती धावत यायची आणि मला घट्ट मिठी मारायची. ‘‘तूच एक माझा आहेस. तू कुठे जात नाहीस,’’ म्हणायची. खरंच होतं ते. एका दांड्यावर मी जाणार तरी कुठे? मग तासाभराने तीच ठिणगी माझ्या बरगड्यांत एकेक टाचणी खुपसायची आणि म्हणायची, ‘‘तूही तसलाच! दगड मेला!’’ सकाळी मी देव, संध्याकाळी दगड. मला दोन्ही चालायचं. तिचं लक्ष माझ्यावर आहे, एवढंच मला हवं असायचं.

पण तिचं लक्ष एका जागी टिकत नसे. तिची एक मैत्रीण होती. ती सकाळी जगातली सर्वांत चांगली मुलगी असायची आणि दुपारी तिने फोन उचलला नाही, की ठिणगीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ‘‘तिला मी नकोच आहे. कुणालाच नको आहे!’’ मग फोनवर फोन, मग भांडण, मग रडणं, आणि शेवटी स्वतःचीच इतकी लाज, की जेवायलाही उठायची नाही. मैत्रीण दुरावली तेव्हा ताई हळहळली. मी मात्र आतल्या आत खूश झालो. एक वाटेकरी कमी झाला होता.

एकदा ती माझ्या पोटावर टिचकी मारून म्हणाली, ‘‘मीही अशीच आहे रे. आतून पोकळ. बाहेरून कुणी जे चढवेल ते अंगावर.’’ ते ऐकून मला फार बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

मग तो कोटाचा दिवस आला. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई निरोप समारंभासाठी कोट शिवून घेत होत्या. कापड त्यांच्या आईच्या जुन्या कोटाचं होतं, तेवढंच आणि मोजकं. कोटाचं धड शिवून माझ्यावर चढवलेलं होतं, बाह्या कापायच्या होत्या. त्या सकाळी शेजारच्या दुकानातली एक मुलगी काम विचारायला आली. ताई तिच्याशी हसून बोलली, तिला टेप कशी धरायची ते दाखवलं. बस, एवढंच. ठिणगीच्या मनाने तेवढ्यावर अख्खा महाल बांधला. ‘‘आता ताई मला काढणार आणि हिला ठेवणार!’’

रागात तिने कात्री उचलली. बाहीचा कागदी नमुना एकदा कापडावर ठेवून कापला, की दुसऱ्या बाहीसाठी तो पालथा करायचा असतो. तिने तो पालथा केलाच नाही. दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. उजवीसाठी वीतभर कापडही उरलं नाही. ते लक्षात येताच तिने माझ्या अंगावरचा कोटही ओढला आणि शिवण न् शिवण उसवून टाकली.

ताई आत आली. खाली बसून तुकडे गोळा करू लागली.

‘‘बोल ना काहीतरी!’’ ठिणगी रडत ओरडली. ‘‘हाकलून दे मला! तेच करायचंय ना तुला?’’

‘‘कोटाचं काहीतरी करू गं,’’ ताई म्हणाली. ‘‘पण एखाद्या दिवशी तू स्वतःलाच काही करून घेशील, याची मला भीती वाटते. माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. मी बाहेर बाकावर बसून राहीन.’’

मुख्याध्यापिकाबाईंना शेवटी बिनबाह्यांचं जाकीट मिळालं. ते त्यांना इतकं आवडलं, की बरोबरच्या बाईंनीही तसलंच मागितलं. आणि ठिणगी मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ लागली.

आमच्याकडे कपडे दाबायला इस्त्रीकाका येत. एकदा ठिणगी तिकडे गेलेली असताना त्यांनी आवाज खाली आणून ताईला विचारलं, ‘‘काय निघालं गं? वेडबिड तर नाही ना?’’

‘‘नाही हो काका. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात त्याला. तुमच्या इस्त्रीला कमी-जास्त करायचं बटण आहे ना? तिचं ते बटण अडकतं. झटकन तापते आणि निवायला फार वेळ लागतो. आपलं माणूस सोडून जाईल, ही भीती तर सारखी मानगुटीवर बसलेली. ती नाटकं करत नाही हो. तिला खरंच तेवढं भाजतं.’’

‘‘मग यावर औषध?’’

‘‘बोलायचं, शिकायचं, रोज सराव करायचा. वेळ लागेल म्हणाल्या डॉक्टरबाई, पण पुष्कळ माणसं सावरतात.’’

इस्त्रीकाकांनी इस्त्री उभी करून ठेवली. ‘‘सावरेल,’’ म्हणाले. ‘‘बटण अडकलं म्हणून इस्त्री कुणी भंगारात देत नाही.’’

डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं होतं, की भावना खोटी नसते, पण ती सांगते ते सगळं खरं असतंच असं नाही. ती भरून आली, की आधी हातातलं धोक्याचं ठेवून दे, तोंडावर गार पाणी मार, भावनेला नाव दे आणि मग हातांना काहीतरी घडवायला दे. ठिणगीने आधी रंगवायची पुस्तकं आणली. दोन दिवसांत कंटाळली. मग लोकरीचं विणकाम धरलं. एका संतापात ते सगळं उसवलं आणि स्वतःच खो खो हसली.

आणि मग तिला खडू सापडला. शिंप्याचा चपटा, पांढरा खडू. काळ्या अस्तराचा एक तुकडा ती टेबलावर पसरायची आणि त्यावर चित्र काढत बसायची. वेली, जिने, खिडक्या, मासे, काहीही. सुरुवातीला रेघा चाबकासारख्या उमटायच्या. हळूहळू त्या बारीक होत, श्वास खाली बसे. मन निवलं, की ती कापड खिडकीबाहेर झटकायची. चित्र गेलं. राग कधी जायचा, कधी निम्मा उरायचा.

मित्रांनो, माझा किती जळफळाट झाला म्हणून सांगू! अस्तर ते काय, कोटाच्या आत तोंड लपवून राहणारी जात! आणि खडू म्हणजे तर झिजून झिजून नखाएवढा होणारा. कानामागून आला आणि तिखट झाला. मी तिला इतकी वर्षं सोसलं, माझ्या बरगड्यांची चाळण झाली, आणि आता माझ्याकडे ती फक्त कामापुरती येणार? गरज सरो, वैद्य मरो! एके दिवशी खडूने भागलं नाही. तिने तो भिंतीवर फेकला आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मला आभाळ ठेंगणं झालं. पण थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि वाकून खडूचे तुकडे वेचले.

पुढे ताईला कपडे बेतायची नवीन पद्धत शिकायला परगावी जायचं होतं. असं बोलावणं पूर्वीही आलं होतं, पण ठिणगीला एकटं सोडायच्या धास्तीने तिने ते दरवेळी नाकारलं होतं. ‘‘या वेळी जाते,’’ ती म्हणाली. ‘‘आठवड्याने परत येणार. रोज दिवेलागणीला फोन करीन.’’ जाताना तिने स्वतःसाठी शिवायला घेतलेला कोट माझ्यावर चढवला. कच्ची शिलाई झाली होती. बाकीचं काम तिने ठिणगीवर सोपवलं. आता हा कोट टिकतो की उसवतो, यावर ताईला पुन्हा कधी उंबरा ओलांडता येईल का, ते ठरणार होतं.

सुरुवातीचे फोन वेळेवर आले. मग एका संध्याकाळी आला नाही. दिवे लागले, समोरची दुकानं बंद होऊ लागली. ठिणगीने फोन लावला, तो लागेना. ती येरझाऱ्या घालू लागली. पुटपुटू लागली. ‘‘गेली. कंटाळली मला. तिकडेच राहणार.’’ मग कात्री घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. ताईच्या कोटाची कॉलर तिच्या मुठीत होती. आणि मी काय म्हणत होतो, सांगू? फाड, म्हणत होतो. टोच, उसव, पाड मला, पण त्या खडूकडे जाऊ नको.

तिने कात्री कॉलरला टेकवली. बराच वेळ तशीच होती. मग तिने कॉलर सोडली, कात्री खणात ठेवून खण ढकलला. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. ओल्या तोंडाने परत आली आणि मोठ्याने म्हणाली, ‘‘मला भीती वाटतेय. ताई सोडून गेली असं मला वाटतंय. वाटतंय.’’ आणि तिने ते काळं अस्तर पसरलं.

ती एक मोठी खिडकी काढत होती. तावदानं झाली, पडदा झाला, गजांवर वेल चढू लागली. तेवढ्यात फोन वाजला. तिने दुसऱ्या हाताने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

‘‘अगं, वर्गावरून परतताना गाडी वाटेत बंद पडली होती, रेंजच नव्हती!’’ ताईला धाप लागली होती. ‘‘तू बरी आहेस ना? मी निघून येऊ का? रागावलीस का?’’

‘‘रागावले होते. घाबरलेही होते,’’ ठिणगी म्हणाली. हात चालूच होता. ‘‘ताई, एक काम कर. जरा थांब. एवढी वेल पुरी करते आणि मीच तुला फोन करते.’’

पलीकडून ताईचं हसू ऐकू आलं, आणि त्या हसण्याचं रडू कधी झालं ते कळलं नाही. ‘‘थांबते,’’ ती म्हणाली. ‘‘सावकाश कर.’’

आयुष्यात पहिल्यांदाच ताईची मला दया आली. आता वाट बघणारे आम्ही दोघं होतो.

ताईचा कोट पुरा झाला. माझ्या अंगावर तो सुरेख बसला होता आणि माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही असं झटकन तापणारं कुणी असेल. त्याला नाटकी म्हणू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा, बाहेर बाकावर बसून राहा. आणि एखाद्या संध्याकाळी तुमच्या खांद्यावाचून ते सावरलं, तर काळजात कळ येईल. मला अजून येते. जळायचं तेवढं जळा, पण त्याचा खडू लपवू नका.