पद्मासाठी थुक्पा

पोरांना खाऊ घालण्यात माझा हात कुणी धरू शकलं नाही. वारूळवाडीच्या अंगणवाडीत मी कित्येक वर्षं खिचडी रांधली. तोंड फिरवणारं पोरसुद्धा माझ्या हातून दोन घास जास्तच खाऊन उठायचं. आणि माझ्याच घरात माझी सून ताटाकडं बघून मान खाली घालायची.

माझा प्रबुद्ध लष्करात होता. लडाखला असताना त्यानं तिथल्याच पद्माशी लग्न केलं. पोरगी बौद्ध, नावही आपल्यातलं, म्हणून मी फार खळखळ केली नाही. पुढं बर्फाचा कडा कोसळला, त्यात तो गेला. त्याचे वडील जयवंत जाऊन पद्माला आणि तान्ह्या प्रतीक्षाला इकडं घेऊन आले. पद्मा इथं रुळली तर नात आमच्याकडं राहणार होती. मुलाचं तेवढंच काय ते उरलं होतं. जेवली की रुळेल, असं मला वाटायचं, आणि तिला जेवायला घालायचा मी ध्यासच घेतला.

भाकरी तिच्या घशाखाली उतरेना. रश्शाच्या पहिल्या घोटाला डोळ्यांतून पाणी यायचं. काय खाशील म्हणून विचारून विचारून थकले, तेव्हा एकदाची म्हणाली, "थुक्पा." म्हणजे काय, ते तिनं हिंदीत समजावलं. शेवयांसारखं असतं, मटणाच्या पाण्यात शिजवलेलं.

शेवया म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. दर उन्हाळ्यात आमच्या आळीच्या शेवया माझ्या हाताखालून जातात. तुपात खरपूस भाजल्या आणि झणझणीत रश्शात सोडल्या. त्यांचा पार लगदा झाला. मग जयवंतांनी नारायणगावहून, हायवेवरच्या चायनीजच्या गाडीवरून नूडल्स आणल्या, लालभडक. तिनं दोन तारा उचलल्या आणि आमचं मन राखायला हसली. त्या हसण्याचा मला राग आला. मी सुक्या नूडल्सचं पाकीट आणवलं, घरी शिजवल्या आणि भातासारखं वर झाकण ठेवून चांगली वाफ आणली. पातेलं उपडं केलं तर ढेकूळ पडलं. ते गाईनंसुद्धा हुंगून सोडलं.

"मी करू?" पद्मा एकदा उठली.

"बस तू," मी म्हणाले. "दुखातल्या पोरीनं चुलीम्होरं राबायचं, अन् मी काय बघत बसू? लोकं शेण घालतील तोंडात."

ती बसली. महिन्यामागून महिने ती तशीच बसत राहिली आणि वाळत गेली.

थंडीतल्या एका रविवारी मटण शिजत होतं. मसाला घालायच्या आधीचं अळणी पाणी मी प्रतीक्षासाठी वाटीत काढलं. अळणी हे लेकरांचं आणि आजाऱ्याचं. धडधाकट माणसाच्या पुढ्यात ते ठेवणं म्हणजे त्याचा अपमानच. मी काळ्या मसाल्याची बरणी उघडली, तर पद्मानं माझं मनगट धरलं. ती प्रतीक्षाच्या वाटीवर वाकून वास घेत होती.

या वेळी तिनं विचारलं नाही. परातीतला कणकेचा गोळा घेऊन लाटला, हातानं पट्ट्या ओढल्या आणि चिमटीनं तोडून मटणाच्या उकळत्या पाण्यात टाकल्या. मुळ्याच्या चकत्या, थोडा पाला, लसूण, मीठ.

"बस, आई. एवढंच," ती म्हणाली.

मीही पट्ट्या तोडायला बसले. माझ्या जाड पडत होत्या. ती त्या माझ्या हातातून घेऊन पातळ करून दाखवायची. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. प्रबुद्ध गेल्यापासून त्या घरात असं कुणी कुणाशेजारी बसलं नव्हतं.

तिनं दोन वाडगे संपवले. कपाळावर घाम आला, गालांवर रंग चढला. मी जयवंतांना डोळ्यांनी खुणावलं, बघा म्हटलं, जेवली का नाही.

तिनं वाडगा खाली ठेवला आणि ती मोठ्यानं रडायला लागली. आल्यापासून तिचा आवाज असा कधी आम्ही ऐकला नव्हता. रडून झाल्यावर तोंड पुसलं आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "आई, मी घरी जाते."

"ह्ये काय मग? घरच हाय की तुजं."

"माझ्या आईकडे." तिनं प्रतीक्षाला मांडीवर ओढून घेतलं. "हिला घेऊन."

"अगं, आता जमतंय मला. रोज करून घालीन."

"चांगलं झालं होतं, आई," ती म्हणाली. माझा हात तिनं हातात घेतला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

जयवंत पुण्याला जाऊन त्यांना रेल्वेत बसवून आले. मला स्टेशनापर्यंत जाववलं नाही.

बायका म्हणतात, बायडाबाई, सुनेला अडवलं न्हाईस, लई मोठं मन तुजं. मनबिन काही मोठं नाही. उपाशी होती तोवर तिच्यात जायचं बळ नव्हतं, ते मीच तिला खाऊ घातलं. त्या रविवारी मनगट सोडवून घेऊन सगळी बरणी पातेल्यात ओतायला हवी होती. अर्धपोटी, रडतखडत का होईना, दोघी माझ्या घरात राहिल्या असत्या.