काळ्या खडकाची कपार

होंगसूनने जाळी खडकावर उपडी केली आणि पाच गलेलठ्ठ शंख गडगडत बाहेर आले. त्यातला एकही तिने काढला नव्हता. सकाळभर ती काळ्या खडकाच्या कपारीत हात घालून चाचपडत होती. वर आली तेव्हा पाण्यावर तरंगणाऱ्या तिच्या बोयाखालची जाळी कुणीतरी भरून ठेवलेली होती. रोजच्यासारखीच.

शेकोटीभोवतीच्या दगडी कोंडाळ्यात ती शिरली तशा बायका निमूटपणे सरकल्या. वाऱ्याला पाठ असलेली वरची जागा सर्वांत खोल बुडी मारणारीची, म्हणजे तिची. वसंतापासून तिने स्वतःच्या हाताने काहीच आणले नव्हते, तरी ती जागा कुणी मागितली नव्हती. वसंतातच तिची लेक मिरान त्या खडकाखाली गेली आणि वर आली नाही. तेव्हापासून मिरानचे नाव या शेकोटीपाशी कुणी काढले नव्हते.

गटाची प्रमुख म्योंगहे घसा खाकरून म्हणाली, "होंगसूनताई, उद्यापासून तुम्ही म्हाताऱ्या आज्ज्यांसाठी राखलेल्या उथळ पाण्यात उतरा. तिथे आम्ही कुणी येत नाही. मिळेल ते सगळं तुमचं."

"मला तिथे काय करायचंय?"

"काल वर आलात तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते तुमचे. सगळ्यांनी मिळून ठरवलंय, ताई. तुमच्या भल्यासाठीच."

"ही जागा घ्या. शंख घ्या." होंगसूनने हात जोडले. "तेवढा खडक मला राहू द्या. पाया पडते तुमच्या."

पलीकडून तोकसिम फिस्कारली. तिची जीभ गावभर प्रसिद्ध होती.

"शंख घ्या म्हणे! त्यातले तीन माझे आहेत, बाई. उन्हाळाभर टाकतेय तुझ्या जाळीत. कंटाळले. यापुढे एकही टाकणार नाही."

"तोकसिम, गप बस!" म्योंगहे ओरडली.

"का गप बसू? आपण सगळ्या हिला नुसतं खपवून घेतोय आणि स्वतःला भल्या समजतोय."

होंगसून उठली. "मग हाकला ना मला! दारातल्या कुत्र्यासारखे तुकडे कशाला टाकता?"

म्योंगहेने विस्तवात लाकूड सारले. कुणीतरी भाजलेले रताळे होंगसूनपुढे सरकवले. त्याच्याकडे न बघता तिने बुडी मारायची ओली काच पुन्हा डोळ्यांवर ओढली आणि ती पाण्याकडे चालू लागली. भरती लागली होती. अशा वेळी कुणी उतरत नसे. मागून हाका आल्या. ती वळली नाही.

कपारीत तिचा हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. छातीत जाळ उठला. हात सुटला, वर जायची वेळ झाली, तेव्हा आपल्याला वर जायचेच नाही, हे तिला अगदी शांतपणे जाणवले. तिने खडक घट्ट धरला.

कुणीतरी तिच्या कमरेचा, वजनासाठी बांधलेला शिशाचा पट्टा धरून हिसका दिला.

पाण्यावर येताच तोकसिमच्या तोंडून कोंडलेल्या श्वासाची लांब शीळ फुटली आणि तिच्यामागोमाग शिव्या.

"शंख द्यायला आलीस?" होंगसून धापा टाकत म्हणाली.

"हात बघ माझे. रिकामे आहेत." तोकसिमने काचेतले पाणी झटकले. "त्या फटीत तुझा जाडा हात काय जाणार? माझा जाईल. सांग, काय शोधायचंय?"

होंगसूनने तोंड उघडले. खारे पाणी आत गेले. ती बराच वेळ खोकत राहिली.

"तिच्या डोळ्यांवरच्या काचेचा पट्टा," शेवटी ती म्हणाली. "हिरवा. काळा नको म्हणायची. काळ्यात म्हातारी दिसते म्हणे."

"मिरान आणि म्हातारी!" तोकसिम म्हणाली. "आणखी काय म्हणायची?"

होंगसून बोलू लागली. लाटा आता खडकाच्या माथ्यावरून जात होत्या. तोकसिमने दोघींचे बोये एकमेकांना बांधले आणि ती ऐकत राहिली.