गेटाजवळचा ओक

वाऱ्याने गेटाजवळचा ओक मुळासकट आडवा केला, तेव्हा ओना अंथरुणातून म्हणाली, "बरं झालं. आता माझ्या पेटीची सोय झाली."

केंटकीच्या त्या डोंगरात दुकानची शवपेटी म्हणजे परक्या घरचं पांघरूण. आणि ओनाला दुसरं कुठलं लाकूड नकोच होतं. तिच्या पोराचे, डॉयलचे केस त्या ओकात होते.

पोराला दमा होता. मग जे सगळे करत तेच तिच्या नवऱ्याने, आर्लिसने केलं. पोराला झाडाला टेकवून उभं केलं, डोक्याच्या उंचीवर भोक पाडलं, त्यात त्याच्या केसांची बट घातली आणि वर खुंटी ठोकली. पोर खुंटीच्या वर वाढलं की दमा झाडात राहतो, असं म्हणतात. डॉयल दोन बोटं कमी पडला. त्याला जाऊन आता एक जन्म लोटला.

लाकूड-गिरणीवाला होबर्ट करवत घेऊन आला. त्याने आधी एक फांदी ओढून पानं पाहिली.

"लाल ओकाच्या पानाला टोकं असतात, काका. ही बघा, बोटांसारखी गोल. पांढराच आहे. पाणी पिणार नाही, मातीत लवकर सडणार नाही."

"मी सांगत नव्हतो?" आर्लिस म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याच्या जिवात जीव आला होता.

होबर्टने बुंधा कापला. मधोमध मुठीएवढा काळा डाग होता. त्याने हातभर वर दुसरा काप घेतला, तर गाभ्याचा नुसता भुसा झालेला. मग दोघांनी पहारीने ओंडका उलटा केला. मातीकडच्या बाजूला ते भोक होतं. खुंटी कधीच कुजून गेली होती.

"इथून पाणी शिरलंय," होबर्ट म्हणाला. "कुठल्या शहाण्याने एवढं मोठं पाडलं? केसांना बारीकसं पुरतं."

आर्लिसने तेव्हा तुळयांना भोकं पाडायचं जाड गिरमिट घेतलं होतं. आजार चांगला खोल जावा म्हणून. त्याने भोकात बोट घातलं. आत ओला भुसा होता, बाकी काही नव्हतं.

होबर्टने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपी काढली. "फळी निघायची नाही, काका. सरपण होईल. तेही यंदा नाही, ओला ओक पेटत नाही."

आर्लिस घरात गेला. खोटं बोलायचं त्याने दारापर्यंत ठरवलं होतं. पण ओनाने त्याच्या बोटाला लागलेला भुसा पाहिला.

"फळ्या?"

"नाही. गाभा गेलाय. सरपण होईल."

"आणि त्याचे केस?"

आर्लिसने नकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं त्या झाडाजवळून जाताना ती खोडावर हात ठेवायची. तो हात आता गोधडीवर पडून होता.

"सरपण कधीचं?" तिने विचारलं.

"पुढच्या हिवाळ्याचं."

"म्हणजे तुझ्या एकट्याचं." ती भिंतीकडे वळली. "नीट रच. ओलं राहिलं तर धूर करतं, आणि मग तू खोकत बसशील."

बाहेर होबर्टने करवत पुन्हा सुरू केली. आर्लिस कापलेले ओंडके फोडून भिंतीशी रचू लागला, सालीची बाजू वर, दोन लाकडांत वाऱ्यापुरती फट सोडून.