श्यामलाचे भागाकार

बंगळूरजवळच्या येलहंक्याच्या त्या घरात दुपारी तीनला पाटीवर पेन्सिल चालायची. वरून शिकाऊ विमानं गेली की तेवढ्यापुरती ऐकू यायची नाही, मग पुन्हा कर्र, कर्र. पाटी श्यामलाची होती आणि श्यामलाला जाऊन तीन महिने झाले होते.

तिचे वडील कल्लाप्पा मास्तर निपाणीकडचे. जन्म गणित शिकवण्यात गेला, ब्याण्णव साली निवृत्त होऊन बंगळूरला आले. मास्तर लोकांची एक खोड असते: चूक झाली म्हणायचं, पण कुठं झाली ते सांगायचं नाही. "शोध की तूच," म्हणायचं आणि मिशीत हसायचं. पोटच्या पोरीलाही त्यांनी सूट दिली नाही.

कॉलेजातली श्यामला एकदा वही घेऊन नाचतच आली. "अप्पा, ५२४२८७ ही मूळ संख्या आहे! सातशे एकोणीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागलं. एकशे अठ्ठावीस भागाकार! कुणाचाच पुरता भाग जात नाही. त्यापुढं बघायची गरजच नाही."

मास्तरांनी संख्या डायरीत उतरवली. वहीतल्या आणि डायरीतल्या अंकांची बेरीज करून नवाचा ताळा घेतला, तो जुळला. मग भागायला बसले तर सातानंच पुरता भाग गेला! एवढी शहाणी पोर, आणि सातावर ठेचकाळली.

"चुकलीस. एका संख्येनं भाग जातो. कुठल्या, ते शोध."

"सरी, अप्पा," ती कानडीत 'बरं' म्हणाली.

तिनं सगळे भागाकार पुन्हा केले. मग तिसऱ्यांदा केले. अप्पा चुकले असतील हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. त्यातच कावीळ झाली. दवाखान्यात तिनं मास्तरांचा हात धरला. "सांगा की अप्पा. कुठली संख्या?"

"बरी हो, घरी चल, मग सांगतो."

ती घरी आलीच नाही.

आज मास्तरांनी धीर करून तिची वही उघडली. सातानं भागून बाकी एक. त्यांनी स्वतः भागून पाहिलं, तरी बाकी एकच. मग डायरी शेजारी ठेवली. डायरीत होतं ५२२४८७. बेचाळीसचे चोवीस त्यांनीच केले होते. अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते, ताळा जुळतो, चूक लपते. हे ते दर वर्षी वर्गात सांगत आले होते.

तीन वाजले. ते पाटीपुढं जाऊन बसले.

"श्यामला, तुझं बरोबर होतं गं. मूळच आहे ती संख्या. मीच अंक उलटे उतरवले."

पेन्सिल थांबली. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग पेन्सिल पुन्हा चालू लागली, आधीपेक्षा भराभर.

दारात त्यांची बायको कावेरी उभी होती. "काय सांगितलात तिला?"

मास्तरांनी काही न लपवता सगळं सांगितलं. कावेरीबाई रडल्या नाहीत.

"ती न्हाई थांबायची," त्या म्हणाल्या. "अप्पा आपलं मन राखायला बोलतायत, असंच वाटणार तिला. अप्पा चुकतात, हे तिला कधी कळू दिलात तुम्ही?"

मास्तर हात जोडून पुन्हा पुन्हा चूक कबूल करत राहिले, आणि पेन्सिल पुढच्या भागाकाराला लागली.