वाघुरीची घंटा

अध्यापनातून निवृत्त होऊन मला अकरा वर्षे झाली. चौतीस वर्षे मी संस्कृत शिकवले, आणि वर्गात तोंड उघडण्यापूर्वी रोज, ज्यांनी मला ती विद्या दिली त्या गुरुजींचे नाव उच्चारले. हा नेम मी घरीही अद्याप पाळतो.

गतवर्षी आमच्या राणीसावरगावातील एका शाळेचे मुख्याध्यापक दत्तराव, माझेच एके काळचे विद्यार्थी, घरी आले. विज्ञान प्रकल्पांचे परीक्षण मी करावे, अशी त्यांची विनंती होती. विज्ञान हा माझा विषय नव्हे, असे मी म्हणालो.

"सर, यंत्राचं आम्ही बघतो. मुलं नीट समजावून सांगतात का, ते तुमच्याइतकं कोण ओळखणार?"

या स्तुतीला मी भुललो. एकच प्रकल्प परभणीच्या जिल्हा प्रदर्शनास जायचा होता आणि निर्णयाखाली स्वाक्षरी माझी होती.

प्रथम धनश्रीचे टेबल आले. आमच्याच गल्लीतील दुकानदार शिवकांत यांची ही कन्या. माती कोरडी झाली की आपोआप सुरू होणारा पंप तिने मांडला होता. कुठेही न अडखळता, स्वच्छ वाणीने तिने सारे सांगितले.

"हे कोणी केले?"

"मी स्वतः केले."

तिच्या पाठांतराने माझे कान तृप्त झाले.

शेवटच्या टेबलाशी दीपिका उभी होती. आठवीतली, मेंढपाळाच्या घरची. तिने वाघुरीचा एक तुकडा दोन खुंट्यांना ताणला होता. मेंढरे कोंडण्यासाठी भोवती लावतात ती ही सुताची जाळी. जाळीतून बारीक तार ओवलेली, तारेला जुनी बॅटरी, शाळेतला छोटा सर्किट बोर्ड आणि घंटा.

"लांडग्यानं जाळी वढली की ही गाठ सुटती. गाठ सुटली की तार तुटल्यावानी व्हती. मंग घंटी वाजती."

"हे तुला कोणी शिकवले?"

"आज्जीनं," ती तत्काळ म्हणाली. मी शेरा लिहिला: 'प्रकल्प स्वतःचा नाही.'

निघताना पाहतो, तर दीपिकेचा हात धनश्रीच्या पंपाच्या तारांत. मी सर्वांदेखत म्हणालो, "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, एवढेही आजीने शिकवले नाही का?"

मुले हसली. दीपिकेने हात पाठीमागे घेतले. पहिला क्रमांक मी धनश्रीस दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनश्री पेढे घेऊन नमस्कारास आली. पेढा माझ्या हातावर ठेवला, तरी जाईना.

"अप्पा, काल माझा पंप बंद पडला होता. दीपिका तो नीट करत होती आणि तुम्ही तिलाच रागावलात."

"मग तू का बोलली नाहीस?"

"माझा नंबर गेला असता ना." मग खाली पाहत ती म्हणाली, "पंपाचा संच बाबांनी सेलूहून तयार आणला होता. मी फक्त पाठ केलं."

पेढा तसाच हातात राहिला. निदान ती सांगावयास तरी आली होती.

मी शाळेत गेलो. यादी आदल्या सायंकाळीच रवाना झाली होती. ती बदलण्यास परीक्षकाचे सकारण पत्र हवे होते.

"'नजरचुकीने क्रमांकांची अदलाबदल झाली,' एवढंच लिहा सर," दत्तराव हळूच म्हणाले. "तुमच्या नावाला कशाला धक्का?"

लिहिण्यास लाज वाटते, परंतु ते वाक्य मी अर्धे लिहिले. नंतर लेखणी चालेना. अर्धवट लिहिलेला कागद खिशात घालून मी गावाबाहेरच्या माळावर, दीपिकेच्या मेंढवाड्याकडे गेलो.

तिची आजी कासाबाई कोकराला पाणी पाजत होती. "अप्पा, वाट चुकलाव का काय?"

"चुकलो खरा. ते यंत्र तुम्ही केले का, हे विचारण्यास आलो."

कासाबाई मोठ्याने हसली. "मला बॅटरीचं उलटं-सुलटं कळंना! म्या निस्ती गाठ दावली, कोकरू बांधायची. बाकी समदं पोरीचं. चार म्हैने झाले, तारा जोडायलीय. आदी कोकरानं अंग घासलं तरी घंटी वाजायची. लय कटकट!" मग हसू पुसून ती म्हणाली, "आन् माझं नाव घेतलं म्हून मार्क कापले म्हनं? उद्या देवाचं नाव घेतलं तर शाळंतनं काढताल जनू."

जन्मभर ज्या नेमाला मी विद्येचे पहिले लक्षण मानले, तो त्या मुलीने माझ्यासमोर पाळला होता, आणि मी त्यालाच दोष ठरवून बसलो होतो.

दीपिका वाघुरीची तार बसवीत होती. मी तिच्यापुढे हात जोडले. "चूक माझी आहे, बाळ."

ती संकोचून गाठीकडेच पाहत राहिली. तिने एवढेच विचारले, "मंग परभनीला कोन जायचं?"

"तूच."

शाळेत परतून मी नवा कागद घेतला आणि लिहिले: 'परीक्षकाने अज्ञानाने निर्णय दिला, आणि निरपराध विद्यार्थिनीस सर्वांसमक्ष अपमानित केले.' दत्तरावांनी ते दोनदा वाचले. मग शिक्का मारला.

पत्र मान्य झाले. परभणीस मीही गेलो. कासाबाई ठेवणीतले लुगडे नेसून एसटीने आली होती. तेथील परीक्षक विदुषी होत्या. त्यांनी जाळी ओढली, घंटा वाजली. पुन्हा ओढून त्यांनी गाठ निरखली.

"गाठ फार सुरेख आहे. कोणी शिकवली?"

दीपिकेने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग ताठ उभी राहून, धनश्रीसारख्या स्वच्छ वाणीने म्हणाली, "कोणीही नाही. मी स्वतः केले."

मी मान वळवली. भिंतीशी उभी असलेली कासाबाई, नातीने बरोबर उत्तर दिल्याप्रमाणे मान डोलावीत होती.

"बेस बोलली," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "आता तर मार्क न्हाईत ना कापायचे, अप्पा?"